झऱ्याचं रीडिंग

गौतमीनं ब्युरेटच्या आकडे कोरलेल्या काचनळीची तोटी घट्ट फिरवली आणि फ्लास्क उचलून खिडकीकडे धरला. आतलं पाणी निळं झालं होतं. ते इतक्या लवकर निळं होईल असं तिलाही वाटलं नसावं. ती एकदा फ्लास्ककडे बघत होती, एकदा ब्युरेटकडे. मग स्टुलावर वाकून, डोळा पातळीत आणून तिनं आकडा वाचला.

"मॅडम, दीड आलंय."

मेधा पलीकडच्या टेबलावरून निघाली होती, ती चालता चालता थांबली. सकाळपासून टेबलामागून टेबल एकच आकडा कानावर येत होता. कुणाचं आठ पॉइंट दोन, कुणाचं आठ पॉइंट एक, फार तर आठ पॉइंट तीन.

"दीड?" तिच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा बघ."

एवढंच म्हणून ती पुढे गेली. आवाजात राग नव्हता. वर्गातल्या शहाण्या मुलीकडून झालेली बारीकशी चूक दाखवावी, तितक्याच सहज ती बोलली होती.

हे प्रॅक्टिकल मेधाचं लाडकं होतं. पौडच्या या कॉलेजात ती जूनपासून तासिका तत्त्वावर पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकवत होती आणि पाण्याच्या कठीणपणाचं प्रॅक्टिकल आपल्या पद्धतीनं घ्यायचं, हे तिनं आल्याआल्याच ठरवून टाकलं होतं. बाटलीतलं तयार पाणी नको, प्रत्येकानं आपल्या घरचं आणायचं. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते कठीण, आणि ते किती कठीण हे थेंबाथेंबानं मोजायचं. पाण्यात रंग टाकला की ते वाइनसारखं लाल होतं; ब्युरेटमधलं द्रावण थेंबथेंब सोडत ते निळं झालं की थांबायचं, आणि जितकं कमी लागेल तितकं पाणी मऊ. दहांपैकी सहा मार्क रीडिंगला. पहिल्याच तासाला तिनं फळ्यावर लिहून सांगितलं होतं, "जे दिसेल ते लिहा. उत्तर चुकलं तरी मार्क देईन. बनवलेलं रीडिंग दिसलं तर शून्य."

मुलांनी माना हलवल्या होत्या. मुलं माना हलवतातच.

आणि आज बघा, सगळ्यांचं कसं सुरेख जुळत होतं. मेधाचा जीव सुखावला होता. नवखी पोरं, हात कापतात, तोटी सांभाळता येत नाही, तरी एक आकडा सोडून रीडिंग हलत नाही म्हणजे आपण शिकवलेलं वाया गेलेलं नाही. त्यात हे दीड. लातूरकडच्या ज्या गावात ती वाढली, तिथं हंड्याच्या आतून पांढरा थर खरवडून काढावा लागे, डाळ शिजता शिजत नसे, केस धुतले की झाडूसारखे होत. दीड मिलीत निळं होणारं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

ती फिरून परत आली तेव्हा गौतमीच्या कागदावर आठ पॉइंट दोन होतं. खाली आणखी दोनदा तेच.

"बघ, आलं की नाही?" मेधा म्हणाली आणि दहांपैकी दहा लिहून पुढे 'छान' असंही लिहिलं. गौतमीनं कागद घेतला. मान वर केली नाही. मेधाला वाटलं, लाजली.

मुलं गेली. दुपारी लाइट गेली, पंप बंद पडला आणि लॅबचा नळ खरखरून थांबला. मेधाच्या बोटांवर रंग लागला होता. टेबलांवर मुलांच्या बाटल्या तशाच राहिल्या होत्या, प्रत्येकीवर गावाच्या नावाची चिठ्ठी. भुकूम, लवळे, अंबडवेट. तिच्या हाताला सगळ्यात जवळची आली ती गौतमीची, 'माले, झरा' लिहिलेली, अर्धी भरलेली. तिनं पाणी हातावर ओतलं, साबणाची वडी एकदाच फिरवली, आणि दोन्ही हात फेसात बुडाले.

तिनं आणखी पाणी ओतलं. फेस जाईना. हात धुऊन झाले तरी बुळबुळीतच राहिले. मेधा ते हात तसेच धरून उभी राहिली.

मग तिनं नवा फ्लास्क घेतला. बाटलीतलं उरलेलं पाणी मोजून त्यात घातलं, रंग टाकला, तोटी सोडली. काही थेंब पडले न पडले तोच निळं. दीड.

तिनं भुकूमची बाटली घेतली. आठ पॉइंट दोन. लवळ्याची घेतली. आठ पॉइंट दोन. तिसरी तिनं उघडलीच नाही. एका गावातल्या दोन विहिरींचं पाणी सारखं नसतं, आणि इथं अख्ख्या तालुक्याचं पाणी सकाळपासून एकाच आकड्यावर येत होतं. ज्याचा संशय यायला हवा होता, त्यावरच ती दिवसभर खूश होती. मेधाला स्वतःची इतकी लाज वाटली की रिकाम्या लॅबमध्येसुद्धा तिनं इकडेतिकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सरळच विचारलं, "घरचं पाणी कुणी आणलं होतं?"

मुलांनी वह्या उघडून त्यात डोकी घातली. शेवटी मागच्या बाकावरचा दिग्विजय उभा राहिला. हा मुलगा खोड्या करण्यात पहिला आणि कबूल करण्यातही पहिला.

"मॅडम, गेटजवळच्या नळाचं भरलं सगळ्यांनी. बोअरचं."

"का?"

"मागच्या वर्षीची पोरं म्हणली, सगळ्यांचं सारखं आलं की मॅडम लोक खूश होतात. येगळं आलं की परत करायला लावतात."

वर्ग हसला नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिनं मार्कांचा कागद काढला आणि सगळ्यांच्या नावापुढचे आकडे आडव्या रेघेनं खोडले. पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रॅक्टिकल, आणि पाणी खरोखर घरचं. मुलांनी सुटकेचा श्वास टाकला. शून्याची तयारी ठेवून आली होती बिचारी.

गौतमीची जागा रिकामी होती. ती त्या दिवशी आली नाही, पुढेही आली नाही. शनिवारी मेधानं दिग्विजयला गाठलं. तो मालेच्याच रस्त्यावरचा.

"ती येत न्हाई आता," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी आर्ट्सला बसते म्हणती. केमिस्ट्री जमणार न्हाई म्हणे. मला रंगच कळत न्हाई, म्हणती."

रंग कळत नाही. अख्ख्या वर्गात ज्या एका मुलीला रंग कळला होता, ती.

रविवारी मेधानं ब्युरेट एका जुन्या ओढणीत गुंडाळलं, स्टँड स्कूटरवर पायांमध्ये उभा धरला, फ्लास्क आणि रसायनांच्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि पौडहून मालेचा रस्ता धरला. भात निघून गेलेली खाचरं दोन्ही बाजूंना मोकळी पडली होती. खड्डा आला की ती ब्युरेटवर हात ठेवी. एका हातानं स्कूटर चालवायचं हे वय नव्हे, असं तिला वाटून गेलं.

घर विचारत जावं लागलं नाही. ओट्यावर बसलेले म्हातारे गृहस्थ लांबूनच उठले. गौतमीचे आजोबा, कुशाबा.

"कालेजच्या बाई व्हय? या, या. बसा. गौतमे, पानी आन बाईंना!"

गौतमी दारात आली आणि मॅडमना बघून तिथंच थबकली. मग आत गेली. आत कोपऱ्यात पाण्याचा निळा जार उलटा बसवलेला मेधाला दिसला. नवाकोरा, अजून प्लास्टिकसुद्धा नीट निघालं नव्हतं. त्याच्याखालून गौतमीनं तांब्या भरला.

मेधानं तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. "झऱ्याचं नाही का पीत तुम्ही?"

"ते बंद क्येलं," कुशाबा म्हणाले. त्यांनी अंगणाच्या कडेला बोट दाखवलं. डोंगरातून उतरत आलेला काळा पाइप तिथं दगडावर टेकला होता आणि त्याच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. "पोरगी रडतच आली त्या दिशी. म्हनली, आबा, कालेजात तपासलं, आपलं पानी चुकीचं निगालं. मंग काय करतो? आमच्या बापानं दगूड फोडून काडल्याला झरा हाय तो. समदं आयुक्ष त्येच प्यालो. पन शिकल्याल्या मानसानं सांगितल्यावर आपून कोन बोलनार?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मेधाला सोसवेना. दोन शब्द, तेही चालता चालता बोललेले, आणि ते टेकडी चढून या म्हाताऱ्याच्या झऱ्यापर्यंत पोचले होते.

"मॅडम," गौतमी जमिनीकडे बघत म्हणाली, "मी पण नंतर नळाचंच भरलं. मला शून्य द्या."

"माहीत आहे. तुझे दहा मी खोडलेत. सगळ्यांचेच खोडलेत."

गौतमीनं पहिल्यांदा वर पाहिलं. शिक्षा झाल्यावर माणूस मोकळा होतो तशी ती जरा मोकळी झाली.

"आबा, ती चिंधी काढाल का?" मेधानं विचारलं.

कुशाबांनी एकदा नातीकडे पाहिलं, मग स्वतःच गेले. चिंधी ओढल्याबरोबर पाइप खोकला, नुसती हवा आली, थोडं गढूळ आलं, आणि मग स्वच्छ धार दगडावर पडू लागली. मेधानं ओट्यावर स्टँड उभा केला. खाली बसून ब्युरेट शून्यावर भरलं. गौतमीला पुढे बोलावलं, पण ती खांबाला धरून उभी राहिली.

"तुम्हीच करा, मॅडम. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मेधानं केलं. झऱ्याचं पाणी मोजलं, रंग टाकला, लाल झालं. कुशाबा चप्पल काढून जवळ येऊन बसले, पूजेला बसावं तसे. थेंब पडत गेले. फ्लास्क हलवताना लाल जरा जांभळट झालं, आणखी एक थेंब, आणि निळं. मेधा आनंदानं उभीच राहिली आणि उभ्या उभ्याच तिनं ब्युरेटकडे नजर टाकली.

"एक पॉइंट तीन," ती म्हणाली. "बघितलंस? तू बरोबरच होतीस."

गौतमी खांब सोडून हळूहळू पुढे आली. ओट्याखाली उकिडवी बसली, डोळा पातळीत आणला आणि बराच वेळ तशीच राहिली. तिनं आजोबांकडे पाहिलं, पुन्हा ब्युरेटकडे पाहिलं.

"मॅडम, तीन न्हाई," ती म्हणाली. "दीड हाय."

"मला तीन दिसतंय."

गौतमीनं बोटानं पातळी दाखवली. "तुम्ही वरनं बघताय. खाली बसून पुन्हा बघा."

पहिल्या तासाला हे मेधानंच शिकवलं होतं. ती सारवलेल्या अंगणात, चांगल्या साडीसकट, खाली बसली आणि गौतमीच्या शेजारी डोकं नेऊन बघितलं.

"दीड," ती म्हणाली.

"म्हंजी आमचं पानी बराबर?" कुशाबांनी विचारलं.

"पाणी बरोबरच होतं, आबा. मी चुकले होते."

मेधानं ओट्यावर ठेवलेला जारच्या पाण्याचा तांब्या म्हाताऱ्यानं उचलला, कण्हेरीच्या बुंध्याशी रिकामा केला आणि पाइपाखाली धरला.

मेधा स्टँडचा स्क्रू सैल करायला लागली, तसा गौतमीनं तिचा हात धरला.

"लगीच काय काढताय, मॅडम? अजून दोन रीडिंग घ्यायचीत." तिनं फ्लास्क झऱ्याच्या धारेत विसळला, ब्युरेट परत भरलं आणि तोटीवर बोटं ठेवली. "आबा, सावली पडतीय तुमची. जरा सरका."