गुणगुणणारा डबा

सासरे राहायला आले ते दोन जुने लाकडी स्पीकर घेऊन. कपड्यांची बॅग एक आणि स्पीकर दोन. सुनेने ते खिडकीच्या दोन बाजूंना ठेवले. पण त्यांना वाजवणारा जुना अँप्लिफायर केव्हाच निकामी झाला होता, त्यामुळे ते नुसतेच उभे राहिले, बोलावून आणलेल्या आणि विषय न सुचणाऱ्या पाहुण्यांसारखे.

सून घरीच कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवायचे, ती खिडकीजवळच्या टेबलावर एकेक दात बसवायची आणि छोट्या मोटरने घासून गुळगुळीत करायची. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला दिवसभर बाहेर. त्यामुळे घरात ती, सासरे आणि दुसऱ्यांचं हसू. सासरे मोजकं बोलायचे. आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचे, पण झोप लागायची नाही. आल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टरांनी वय झालं म्हटलं. सासऱ्यांनीही वय झालं म्हटलं आणि विषय मिटवला.

गाण्याने झोप लागेल, असं सुनेच्या मनात आलं. तिने एक स्वस्तातला छोटा अँप्लिफायर मागवला. साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा, समोर एकच बटण. खोक्यात अडॅप्टर मात्र नव्हता. बारा ते चोवीस व्होल्टपर्यंत चालेल, एवढंच लिहिलं होतं. म्हणजे नवरी आली, पण बिऱ्हाड आपणच शोधायचं.

घरात इंटरनेटच्या डबीचा एक जास्तीचा अडॅप्टर पडून होता, बारा व्होल्टचा. तो लावला. गाणं सुरू झालं, पण ढोलकीची थाप पडली की आवाज गचकन बंद व्हायचा आणि पुन्हा यायचा. गायकाला उचकी लागल्यासारखं वाटत होतं. सासऱ्यांनी डोळे उघडले. ते खुर्ची सोडून आले, चष्मा कपाळावर ढकलून अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचू लागले.

"व्होल्ट म्हणजे जिन्याची उंची आणि अँपिअर म्हणजे जिन्याची रुंदी," ते म्हणाले. "हा जिना बुटका आहे आणि अरुंदही. ढोलकीबरोबर सगळी माणसं एकदम धावत आली, की दारातच चेंगरतात."

आल्यापासून त्यांनी सलग इतकं बोललेलं सुनेने ऐकलं नव्हतं. तिने हात पुसले आणि कपाटातून बिघडलेल्या लॅपटॉपचा चार्जर शोधून काढला. एकोणीस व्होल्ट, रुंदीही चांगली. पिन बसते का, आतलं टोक धन आहे का, हे सासऱ्यांनी स्टिकरवरच्या चित्रावरून दोनदा पाहून घेतलं. चार्जरचा तीन पायांचा प्लग टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये जाईना, म्हणून तिने मध्ये दोन पायांचा जोड लावला.

या वेळी आवाज असा उघडला, की खोलीच्या भिंती दोन पावलं मागे सरकल्यासारख्या वाटल्या. फक्त गाण्याच्या खाली एक बारीक गुणगुण होती. सुनेला ओशाळल्यासारखं झालं. वस्तू स्वस्तातली घेतली की असंच होतं, असं काहीतरी ती म्हणणार होती. वळून बघते तो सासऱ्यांची मान खांद्यावर कलली होती.

दुपारचं ऊन फरशीवरून हळूहळू भिंतीवर चढत होतं. गाणी संपली. गुणगुण उरली. टेबलावर मांडलेल्या कवळ्या त्या उन्हात पाण्याखालच्या शिंपल्यांसारख्या दिसत होत्या. मोटर सुरू करायचा तिला धीर होईना. ती नुसती बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिला वाटलं, की घर कुठेतरी अगदी संथपणे निघालं आहे. मग उगाच वीज कशाला जाळा, म्हणून तिने उठून बटण बंद केलं.

सासरे दचकून जागे झाले. "लाइन गेली?" त्यांनी विचारलं.

मग तिने हळूहळू त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. ते सबस्टेशनवर ऑपरेटर होते, हे तिला माहीत होतं. पण त्यांचं क्वार्टर यार्डाच्या कुंपणाला लागून होतं आणि लग्न झाल्यापासून ते तिथेच राहिले, हे तिने कधी नीट मनावर घेतलं नव्हतं. घराएवढे मोठाले ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस गुणगुणत. मुलगा त्याच आवाजात लहानाचा मोठा झाला. सासूबाई त्याच सुरात भाजी चिरता चिरता गुणगुणायच्या आणि आपण गातोय हे त्यांना ठाऊकही नसायचं. आवाज थांबला, की मात्र साऱ्या वसाहतीला जाग यायची. थांबणं म्हणजे काहीतरी बिघडलं.

"इथं रोज पडल्या पडल्या वाटतं, काहीतरी बंद पडलंय आणि मी उठायला हवं," सासरे म्हणाले.

सुनेने लगेच बटण पुन्हा सुरू केलं. सासरे हसले, सहज त्यांनी अँप्लिफायरच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. बोटाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी तारेचा माग काढला, मधला दोन पायांचा जोड पाहिला आणि मान हलवली. अर्थिंगच तुटलं होतं. त्यांनी जोड काढून टाकला, स्वयंपाकघरातल्या तीन पायांच्या सॉकेटपर्यंत वायर ओढली आणि चार्जर तिथे लावला. मुंग्या गेल्या. गुणगुणही गेली. गाणं स्वच्छ, धुतल्यासारखं ऐकू येऊ लागलं.

सून त्यांच्याकडे बघत राहिली. ज्या आवाजाने त्यांना झोप दिली, तो त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकला होता.

"जरा राहू द्यायचा होता, बाबा," ती म्हणाली.

"अंगाला झोंबणारी वीज घरात ठेवायची नसते. आवडली तरी." एवढं बोलून ते खुर्चीत जाऊन बसले. त्या रात्रीही ते जागेच होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून त्यांना जुन्या विजेच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. तिथे काय मागायचं ते त्यांनी वाटेत सांगितलं, पण तिला ते नीट कळलं नव्हतं. गुणगुण हवी, पण गाण्यात नको. दुकानदाराने पिसासारखे हलके, नवे अडॅप्टर पुढे केले. आवाज नाही, गरम होत नाही, चोवीस व्होल्ट, पाच अँपिअर. सासऱ्यांनी ते आदराने बाजूला सरकवले आणि मागच्या फळीवरचे लोखंडी डबे मागितले, ज्यांच्या आत खराखुरा ट्रान्सफॉर्मर असतो. दुकानदार एकेक लावत गेला आणि सासरे प्रत्येकाला कान लावत गेले, कलिंगड निवडताना लावतात तसा. एक मुकाच होता. एक खडखडला. तिसऱ्यापाशी ते बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी सुनेला खुणावलं.

तिने कान लावला. कोमट लोखंडाच्या आत कुणीतरी ओठ मिटून गात होतं.

सासऱ्यांनी मीटर मागून घेतला. डबा अठरा व्होल्टचा, पण काही जोडलेलं नसताना बावीस दाखवत होता. असे जुने डबे रिकामे असले की जरा चढतात, त्यांनी सांगितलं. चोवीसच्या आत आहे, म्हणजे बिचाऱ्या अँप्लिफायरला धोका नाही.

"लोक आवाज करत नाही म्हणून नेतात," दुकानदार गोंधळून म्हणाला.

"त्यांना झोप येत असेल," सासरे म्हणाले.

घरी आल्यावर डबा खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसला आणि त्याची वायर स्वयंपाकघरातल्या अर्थिंगच्या सॉकेटपर्यंत गेली. स्पीकरमधून गाणं निखळ येत होतं आणि डबा आपल्याशीच गुणगुणत होता. नवरा कामावरून आला, चप्पल काढता काढता दारातच थांबला. तिथेच भिंतीला टेकून, एका पायात चप्पल ठेवून, तो कितीतरी वेळ ऐकत राहिला.

सकाळी सासरे उशिरा उठले. सुनेचे हात साच्यांच्या ओल्या प्लास्टरने माखले होते, म्हणून चहा त्यांनीच गाळला. मग कप हातात धरून त्यांनी रात्री आपल्याला पडलेलं स्वप्न तिला सांगितलं. यार्डातल्या खडीवरून ते अनवाणी चालले होते. वरच्या तारांवर पक्षीच पक्षी बसलेले, सगळे झोपलेले. जागं करायला नको म्हणून ते चवड्यांवर चालत होते, आणि चालता चालता खडी मऊ होत गेली.

"मग?" सुनेने विचारलं.

"मग काही नाही. एक जण जागा झाला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पंखात मान घातली."