नऊ नंबरपुढची ओळ

रीडिंगचं कॉलेज यंदा पहिलं येईल. त्यांच्या बचावफळीत एक मुलगा आहे, त्याच्या बाजूने चेंडू काय, वारासुद्धा जात नाही.

नागपुरात नंदूकाका पाण्याची बादली घेऊन जिना चढत होते. बादली वर पोचली नाही.

इल्फर्ड, खालून दुसरं. गोलकीपरने क्रिकेट धरलं.

"इथली भिंत जाड आहे," पडद्यावर बोट ठेवून बाई म्हणाली. घर दाखवावं तशी.

पत्रिका घेऊन कोणी आलं तर त्याला चहा द्या, पत्रिका परत द्या.

आपलं कॉलेज तिसरं. सर्वांत जास्त गोल, नऊ नंबर

आणि पुढे कोरं.

ही कोरी जागा रचना मेश्रामला भरायची होती, आणि ती तिच्याने भरवत नव्हती.

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या त्या कॉलेजात दर सप्टेंबरला विद्यार्थ्यांच्या अंकात फुटबॉलच्या हंगामाचं भाकीत छापून येई. कोण कितवं, कोणाचे गोल जास्त, कोण पहिल्याच महिन्यात पंचाशी भांडून बाहेर बसेल. बाकीचा अंक कोणी वाचत नसे. हे एक पान मात्र कँटीनच्या भिंतीवर लागे, आणि वर्षभर मुलं त्याच्यापुढे चिप्स खात लिहिणाऱ्याची अक्कल काढत. दोन हजार चार साली ते पान रचनाकडे आलं. घरात ज्योतिषाचा उल्लेखही टिंगलीखेरीज होत नसे. तिचे वडील सुभाष मेश्राम तिथल्या नगर कौन्सिलमध्ये इंजिनिअर. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदना घेत, आणि पत्रिका, चहा वगैरे वरचं वाक्य त्यांचंच.

नऊ नंबर म्हणजे तिचा भाऊ विक्रांत.

नंदूकाका अचानक गेले, तेव्हा घराण्यात हृदयाचं काही आहे का ते बघा, असं इथल्या डॉक्टरने सुचवलं. पप्पांची तपासणी झाली, ठीक निघाली. विक्रांतच्या वेळी पप्पा कामावर होते. मुलाला अठरा वर्षं पूर्ण झालेली, म्हणून तो एकटा जाणार होता, पण ऐन वेळी रचनाला म्हणाला, चल ना, कंटाळा येईल. दोघं हसत गेली. हृदयाचा स्नायू जाड झालाय, असं त्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. आज काही होईलच असं नाही, कदाचित कधीच नाही. पण जोराच्या धावण्यात होऊ शकतं, आणि ते आधी सूचना देऊन होत नाही. फुटबॉल बंद.

बसमध्ये विक्रांतने बहिणीला बजावलं, घरी सगळं नॉर्मल म्हणून सांगायचं. सांगितलंही. आईने त्या दिवशी खीर केली.

भाकीत: पहिल्या सामन्यात पाऊस असेल.

मग विक्रांत पूर्वीसारखाच सरावाला जाऊ लागला. रचना मैदानाच्या कडेला पुस्तक घेऊन बसे आणि एक ओळही वाचत नसे. तो पडला की ही उभी राही, तो उठला तरी खाली बसत नसे. एकदा तिने विषय काढला तर तो शांतपणे म्हणाला, "ती बाई काय बोलली? मे हॅपन. मे नॉट. हे प्रेडिक्शनच झालं ना? आपल्या घरात कुणी मानतं का प्रेडिक्शन?"

लहानपणापासून दोघांनी हेच तर ऐकलं होतं.

म्हणून ती पप्पांकडे गेली. ते शर्टांना इस्त्री करत होते. डॉक्टर पुढचं सांगतो आणि ज्योतिषीही पुढचं सांगतो, मग फरक काय, असं तिने विचारलं, अगदी सहज, कॉलेजच्या निबंधासाठी विचारावं तसं. पप्पा खूश झाले. कॉलेजात भविष्य सांगायला लागलीस म्हणे, पोपट कुठे ठेवलायस, म्हणून आधी चिडवून घेतलं. मग कॉलर सरळ करत म्हणाले, "ज्योतिष्याला कारण विचार, तो रागावतो. डॉक्टर कारण आधी दाखवतो. हे आहे म्हणून ते होतं, हे काढलं की ते थांबतं. बुद्धाने दुसरं काय सांगितलं?"

हे काढलं की ते थांबतं. ती वर आपल्या खोलीत गेली आणि ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू व्हायच्या आधी विक्रांत कुंपणापाशी चेंडूत हवा भरत होता. तिने कागद त्याच्यापुढे धरला. नऊ नंबर, विक्रांत मेश्राम: या हंगामात खेळणार नाही. कारण त्याला माहीत आहे, टेरीने विचारावं. टेरी म्हणजे कोच. त्या कॉलेजात शिक्षकांना नावानेच हाक मारत.

विक्रांतने वाचलं. पंप चालूच ठेवला.

"प्रॉमिस केलं होतंस."

"हो."

"मग?"

"शुक्रवारी अंक छापायला जातो. त्याआधी तू स्वतः टेरीला सांग, मी ओळ काढते."

"आणि नाही सांगितलं तर?"

"छापते."

त्याने पंप काढून घेतला. चेंडू दाबून पाहिला. "छाप. तुझी सगळी प्रेडिक्शन्स चुकणारच आहेत," तो म्हणाला आणि मैदानात पळाला.

छापलं.

भाकीत: चषक रीडिंगला.

कँटीनमध्ये पोरं खो-खो हसली. बहीणभावाचं काहीतरी बिनसलंय, टीव्हीच्या रिमोटवरून असेल, असा तर्क निघाला. टेरी मात्र पानापुढे बराच वेळ उभा राहिला. मग त्याने विक्रांतला बाजूला घेऊन विचारलं. विक्रांतने थट्टेवारी नेलं. टेरी वाद घालणाऱ्यांतला नव्हता. खेळायला हरकत नाही, एवढं डॉक्टरकडून आण, तोवर जर्सी माझ्याकडे राहील, म्हणाला. तेवढंच विक्रांतला आणता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना त्याने स्वतःच घरी सांगितलं, ताटाकडे बघत, इंग्रजीत. आईने हातातली पोळी खाली ठेवली. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, हॉस्पिटलात बरोबर कोण होतं.

"मी," रचना म्हणाली.

पप्पा म्हणाले, "त्या दिवशी तू हे विचारत होतीस. आणि मी पोपटाची मस्करी केली."

विक्रांत उठून वर गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं रचनाला वाटलं.

रीडिंग चौथं आलं. इल्फर्डने चषक जिंकला, नव्या गोलकीपरच्या जोरावर. पहिल्या सामन्याला लख्ख ऊन होतं. आपलं कॉलेज खालून तिसरं, गोल करायला कोणी नव्हतं म्हणून. त्या पानावरची एक ओळ तेवढी खरी झाली. ती खरी ठरली म्हणून विक्रांत रोज सकाळी उठत होता, दात घासत होता, बहिणीच्या समोरून न बोलता बसस्टॉपकडे जात होता. ख्रिसमस झाला, ईस्टर झाला. मीठ दे, एवढं तो म्हणू लागला.

जुलैत, तपासणीच्या आठवडाभर आधी, टेरीने विक्रांतला कर्णधार नेमलं होतं, आणि ते त्याने सर्वांत आधी रचनाला सांगितलं होतं.