दहा मिनिटं पुढे

रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, एक्सचेंजबाई एकतीस वर्षं फोन जोडून देत होत्या. आधी बोर्डात वायरी खोचून, मग बटणं दाबून आणि आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून. बघायची गरज होती असं नाही म्हणा. सहाशे नंबर त्यांच्या जिभेवर होते. कुणाचा फोन भलतीकडे लागला, अशी तक्रार त्या खोलीच्या वाट्याला कधी आली नव्हती.

मग रस्त्यापलीकडे नवी इमारत उभी राहिली. दोन्हीकडे एकेक सर्व्हर बसला. कोण डॉक्टर आज कुठल्या खोलीत, कुठल्या नंबरवर, याची यादी दोन्ही ठिकाणी एकच हवी. इकडे लिहिलं की थोड्या वेळाने तिकडे उमटायचं, तिकडचं इकडे. आणि एकाच माणसाबद्दल दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर? ज्याचं लिखाण उशिराचं, त्याचं खरं. सर्व्हर बसवायला आलेल्या चष्मेवाल्या इंजिनिअरबाईंनी नियम सांगितला तो इतका सोपा होता.

पलीकडची यादी सांभाळायचे मेजर. फौजेत ते एक दिवसही नव्हते, नाव पडलं ते शिस्तीमुळे. आणि ते होते एक्सचेंजबाईंचे व्याही. लेकीच्या लग्नात मुलाकडची सगळी मंडळी दहा मिनिटं आधीच दारात हजर झाली होती आणि नवरीच्या आईचा अंबाडा अजून अर्धाच होता. एका हाताने केस धरून केलेलं ते स्वागत बाई आठ वर्षांत विसरल्या नव्हत्या.

रोज सकाळी नऊला रात्रपाळी सुटली की दोघं आपापल्या जागी यादी भरायला बसत. मेजर आदल्या दिवशीच्या कागदावरून भराभर भरून मोकळे होत. बाई मात्र डॉक्टर दारातून आत येऊन “आज मी इकडे” म्हणाले की मगच लिहीत. आणि झालं काय, की बाईंनी लिहिलेलं बघता बघता पुसलं जाऊ लागलं आणि तिथे मेजरांचं येऊन बसू लागलं. हाडांचे डॉक्टर जुन्या इमारतीत पेशंट तपासताहेत आणि त्यांचा फोन नव्या इमारतीतल्या रिकाम्या खोलीत ठणाणा करतोय!

शेवटी रुग्णालय चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक्सचेंजबाईंना बोलावणं धाडलं. “दोन ठिकाणी लिहिण्याचा हा गोंधळ पुरे. परवा शनिवारी बैठकीत ठरवून टाकू. यादी नव्या इमारतीतूनच लिहिली जाईल. तुम्हाला रेकॉर्डच्या खोलीत देऊ. शांत जागा आहे.”

शांत जागा! बाईंना घरात फोन वाजला नाही तर झोप लागत नसे.

त्यांनी इंजिनिअरबाईंना गाठलं. “वायर ठीक, मशीन ठीक,” त्या म्हणाल्या.

“मग माझंच का पुसलं जातं? आणि एक सांगू? चहाच्या आधी लिहिलेलं पुसलं जातं. चहानंतर तेच पुन्हा लिहिलं की टिकतं.”

“अहो बाई, सर्व्हर चहा पीत नाही!”

“नसेल पीत. पण त्याला कळतो.”

राहता राहिला एकच मार्ग, व्याह्यांच्या दारात जाण्याचा. लेकीने फोनवर बजावलं, “आई, भांडू नकोस हं. तुझं होतं बोलून, नांदायचं मला आहे.”

शुक्रवारी नऊला दोन मिनिटं कमी असताना बाईंनी आपल्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं, इंजिनिअरबाईंना सोबत घेतलं आणि रस्ता ओलांडला. रस्ता कसला, चाळीस पावलं.

“या विहीणबाई,” मेजर खुर्चीतून उठत म्हणाले. “नऊला येते म्हणालात. नऊ वाजून दहा मिनिटं झाली. चालायचंच, बायकांचं आवरणं म्हणजे...”

बाईंची नजर भिंतीकडे गेली. घड्याळात खरंच नऊ दहा झाले होते.

“चाळीस पावलांना बारा मिनिटं? मी काय रांगत आले?”

“आमच्याकडची सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात,” मेजर अभिमानाने म्हणाले. “म्हणून इथे कुणाला उशीर होत नाही. घरीसुद्धा तसंच.”

बाईंनी टेबलावरच्या सर्व्हरकडे बोट केलं. “आणि याचं?”

“त्याला कशी सूट देईन? पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने पुढे केलंय.”

इंजिनिअरबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “बाई, तुमचा चहा किती वाजता येतो?”

“नऊ दहाला.”

“म्हणजे मेजरसाहेब रात्रपाळी सुटल्यावर, खऱ्या नऊला लिहितात, त्यावर वेळेचा शिक्का पडतो नऊ दहाचा. तुम्ही नऊ पाचला लिहिता. मशीन म्हणतं, मेजरांचं नंतरचं!”

मेजरांचा चेहरा पडला. बाई हसल्या, आणि अशा हसल्या की शेजारच्या खोलीतली परिचारिका डोकावून गेली. “म्हणजे लग्नात माझा अंबाडा अर्धा राहिला तो यामुळे!”

आता काटा मागे घ्यायचा, पण त्यातही मेख होती. इंजिनिअरबाई म्हणाल्या, “घड्याळ मागे केल्यावर दहा मिनिटं दोन्हीकडे कुणी काही लिहायचं नाही. नाहीतर नवं लिहिलेलंच जुनं ठरेल. पुढे ढकललेली वेळ आधी सरून जाऊ दे.”

नेमकी ती बदलीची वेळ. फोन सुरू झाले. डोळ्यांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर, भूलतज्ज्ञ जुन्या इमारतीत, आणखी दोघींनी खोल्यांची अदलाबदल केलेली. मेजरांचा हात सवयीने टिपून घ्यायला पेन्सिलीकडे गेला, पण ती कुणीतरी नेली होती. बाई मात्र स्टुलावर मांडी घालून बसल्या, प्रत्येक फोनला “बरं, बरं” म्हणत. दहा मिनिटं मेजरांना युगासारखी गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ते काही न करता बसले होते. बाईंनी त्यांच्यापुढे चहा सरकवला.

“झाली वेळ,” इंजिनिअरबाई म्हणाल्या.

बाईंनी डोळे मिटले आणि चौदा बदल एका दमात सांगितले, नंबरासकट. मेजर भरत गेले. मग प्रत्येक ठिकाणी फोन लावून बघितला. चौदाच्या चौदा फोन माणसाने उचलले, रिकाम्या खोलीने एकही नाही.

शनिवारी बैठकीत मेजर स्वतःच उभे राहिले. “चूक माझ्या घड्याळाची होती. यादी दोन्हीकडे लिहिली जावी. आणि रोज सकाळी मी विहीणबाईंना फोन करून वेळ विचारीन.” मोठ्या डॉक्टरीणबाईंनी रेकॉर्डच्या खोलीचा कागद फाडला.

बाईंनी व्याही मंडळींना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला जेवायला बोलावलं. मेजर ठोक्याला सातला आले, एक मिनिट आधी नाही. दार बाईंनीच उघडलं. अंबाडा नीट घातलेला, पानं वाढून तयार.

“आज तुम्हीच आमची वाट बघत होतात की काय?” मेजरांनी विचारलं.

लेकीने भिंतीकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. आईच्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.