न छेडता वाजणारी गिटार

परीक्षकसाहेब, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. बडा गणपती मंदिराजवळच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून, चाळीस वर्षं संगीत शिकवलेले तुम्ही तोंड मिटून राहिलात.

मंचावर मानसची गिटार आडवी ठेवली होती, अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली. मानस मार्चमध्ये राऊच्या रस्त्यावर अपघातात गेला. मेलेल्यांशी बोलवून देतो म्हणणाऱ्या स्वरानंद महाराजांनी उदास धून गाऊन लोकांना रडवलं, मग माईकवर लांब सूर लावला आणि ते थांबले. कुणी हात न लावलेली गिटार तोच सूर घुमवत राहिली. हॉलच्या अंगावर काटा आला.

"मानस?" त्याची आई सरलाताई पुटपुटल्या.

"बेटा अटकलाय तारेत!" महाराज गरजले. "का? बहीण वाजवते म्हणून! जन्मजात स्वरज्ञान नाही, कानाने सूर ओळखता येत नाही, आणि चालली रॉक वाजवायला! तोडा गिटार, नर्मदेत सोडा!"

साहेब, मानसच्या बहिणीला, श्रियाला, संगीताच्या परीक्षेत नापास करताना 'जन्मजात स्वरज्ञान नाही' हेच बोलला होतात तुम्ही.

श्रियाही घाबरली होती. घरी मिक्सर फिरला तरी त्या तारा घुमायच्या आणि आई भाजी टाकून धावायची. पण परवा श्रियाने मिक्सर चारदा चालू-बंद केला. चारही वेळा 'दादा' बोलला.

गिटार फोडायला महाराजांच्या शिष्याने हातोडी उचलली तशी ती मंचावर चढली. कागदाचे सहा कपटे दुमडून सहा तारांवर बसवले.

"बेबीमावशी, माईकवर तोच सूर लाव."

"मी? अगं, भजनात माझा माईक बंद करतात!"

शेजारच्या बेबीमावशीने दोनदा चुकत सूर पकडला. एकच कपटा थरथरून उडाला. बाकीचे जागच्या जागी.

"मावशीला पण सिद्धी आली का, महाराज? तार ज्या सुराला लावलीय, तोच बाहेरून आला की ती हलते. सूर कुणाचाही असो."

"मग लोक रडले ते झूठ?" महाराज उसळले.

"रडले ते खरं." तिने महाराजांचीच धून वाजवली. लोकांचे डोळे भरले. मग सा तोच ठेवून रे, ग, ध, नी हे चार कोमल सूर शुद्ध केले. तीच धून उजळली. मागे कुणी ताल धरला. मग सगळ्या तारा सारख्याच उतरवून पुन्हा पहिली धून. पुन्हा डोळे भरले.

"पट्टी बदलली, उदासी तीच. ती सुरांमधल्या अंतरात असते. त्यासाठी सुराचं नाव ओळखणारा जन्मजात कान लागत नाही. दादाला कुठे होता? ट्यूनर लावल्याशिवाय बसायचा नाही."

"अरे भिया, बाबा तो गया!" मागून कुणी ओरडलं. हशा पिकला. महाराज मागच्या दाराने सटकले.

सरलाताई हसल्या नाहीत. त्यांनी तारेवर बोट ठेवलं. घुमणं थांबलं.

"म्हणजे इतके दिवस मी कुणाशी बोलत होते गं?"

श्रियाने आईला जवळ घेतलं.

लोकहो, चमत्कार दिसला की आधी कपटा ठेवून बघा. आणि साहेब, ती माउली चार महिने एका तारेला जेवायला बोलवत होती. तुम्ही त्या हॉलमध्ये एका वाक्यात ते थांबवू शकला असतात. का नाही थांबवलंत? उत्तर द्या.