पाठीवरची बोटं

नर्सने तिसऱ्या बोटात सुई टोचली, तरी रक्ताचा थेंब काही दिसेना.

“रगात आसा गो बाय, पण भायर येवक लाजता,” सीताकाकी म्हणाली, आणि मागच्या रांगेतल्या बायका खिदळल्या.

धामापूरच्या त्या काजू कारखान्यात आरोग्य तपासणी पहिल्यांदाच होत होती. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, बारा-पंधरा बायका आणि मालक सुदेश. तेजस्वी बी.कॉम. झालेली, तिथे बिलं करायची. तिच्या टेबलाशेजारी साडीच्या झोळीत तिचा सर्वेश झोपायचा.

शेवटी करंगळीतून रक्त निघालं. साखर ठीक, दाब ठीक. “आजी, तब्येत उत्तम आहे तुमची,” नर्स म्हणाली. काकीने हात पटकन पदराखाली घेतले. तेजस्वीला नवल वाटलं. ज्या बोटांत सुई शिरत नाही, त्या बोटांबद्दल कुणी काहीच कसं विचारलं नाही? काजू फोडताना टरफलाचा चीक अंगावर उडतो, त्याने ती बोटं काळी, करवंटीसारखी झाली होती.

आणि आणखी एक. काकी येता-जाता सर्वेशशी बोलायची, कोपराने झोळीला झोका द्यायची. पण त्याला कधी उचलायची नाही. जेवणाच्या सुट्टीत तेजस्वीने विचारलंच.

“भ्या वाटता गो,” काकी म्हणाली. “माजो कौस्तुभ असोच ल्हान होतो. सांजचा घराक गेलंय की पयलो तेका उचलून घेय. एक दिस तेच्या पाठीर पाच बोटा उठली. नुसते फोड! सासू नजर काढीत रवली. माका ठावक होता, हात कोणाचो तो. तेच्यानंतर न्हाणूचा, तेल लावचा, सगळा सासूनच केल्यान.”

मग ती म्हणाली, “आता कौस्तुभाक झील झालोहा. पुढच्या आयतवारी सुनेच्या माहेराक, वैभववाडीक बारसा. आजयेन बाळाक पाळण्यात घालूचा असता. ह्या हातान घालूक गावतला काय, तेवढा माका कळाक व्हया.”

तेजस्वी उठली ती थेट सुदेशकडे.

“हातमोजे आसत मगे!” त्याने कपाट उघडलं. “गेल्या वर्साच आणले. ह्यो बायका घालणतच नाय.”

तेजस्वीने एक मोजा चढवला. तिचा हात आत पोहत होता. बोटांच्या पुढे रबराची टोकं लोंबत होती. “सुदेशदादा, ह्ये गवंड्याचे आसत. पात्याखाली बी धरल्यार हाताक कळतली तरी काय?”

सुदेशने दुसरा मोजा स्वतः घालून बघितला. एक बी उचलली, ती निसटून टेबलाखाली गेली. “आवशीक खाव,” तो पुटपुटला. “मी कधी घालून बघूकच नाय.”

दोन दिवसांत बायकांच्या मापाचे, पातळ मोजे आले. चिकापासून हात लांब राहावेत म्हणून काकीला सुदेशने अंगणात वाळत घातलेल्या बिया परतायला लावलं. गरांची सालं काढायला बसवली असती, तर तिच्या बोटांच्या चिकाने गर काळे पडले असते. काकी रोज खोबरेल चोळायची. बोटांची सालं पापुद्र्यांनी निघत गेली आणि खालून कोवळी, गुलाबी कातडी दिसू लागली.

शनिवारी काम सुटल्यावर हात धुऊन ती झोळीपाशी येऊन उभी राहिली.

तेजस्वीने झोळीची कड धरली. उद्या पाठ सुजली तर? कातडी किती नाजूक याची! पण नाही म्हटलं, तर ही बाई बारशात हात मागे बांधून उभी राहणार. तिने सर्वेशला उचललं आणि पुढे केलं.

“झबला वर कर,” काकी म्हणाली. “कापडावरना कळाचा नाय.”

तेजस्वीने झबलं वर केलं. काकीने दोन्ही तळवे त्या उघड्या पाठीवर टेकले आणि डोळे मिटले. सर्वेश तिची माळ ओढत राहिला.

त्या रात्री तेजस्वीला झोप कसली लागतेय!

सकाळी पहिल्या यष्टीच्या आधी काकी तिच्या दारात हजर. अंगावर ठेवणीतली साडी, कोपराला पिशवी.

“उठलो?”

तेजस्वीने पोराला आणून पालथं खांद्यावर घेतलं आणि झबलं वर केलं. पाठीवर लाल रेघा होत्या. काकी वाकली, अगदी जवळून बघत राहिली.

“गोदडेच्या टाक्यांचे वळ ते,” ती हळूच म्हणाली. “जातले.”

खरंच, दोघी बघत असतानाच ते फिके होत गेले.

रस्त्यावर यष्टीचा हॉर्न वाजला. तेजस्वी दारातून बघत होती. कंडक्टरने दार उघडलं, “दांडो धर गे, म्हातारे!” म्हणून ओरडला. पण काकीने दांडा धरला नाही. दोन्ही हात कशालाच लागू न देता, तोल सावरत, ती एकेक पायरी चढून आत गेली.