पायपेटीच्या मागच्या बाजूला

पायपेटी सुरात लावायचं काम एकट्याचं नव्हे. एकाने पुढे बसून पायाखालच्या फळ्या दाबत भात्यात वारा भरायचा आणि सांगितलेली पट्टी दाबून धरायची. दुसऱ्याने मागची फळी काढून, गुडघे टेकून, आतल्या पितळी जिभा कानसेने हलकेच घासायच्या. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. मध्ये ते एवढं मोठं लाकडी धूड असतं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही.

कारागीर आणि त्याची बायको अकरा वर्षं असंच काम करत आले होते. तो मागे, ती पुढे.

त्या दुपारी प्रार्थनामंदिरात ती दोघंच होती. पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाई, ज्यांना सगळे सूरमावशी म्हणत, किल्ली देऊन बाहेर पायरीवर जाऊन बसल्या होत्या. या पेटीची मधल्या सप्तकातली एक जीभ वर्षापूर्वी तुटली होती. मावशींनी तेवढी पट्टी सोडून वाजवायची सवय करून घेतली आणि गाणारेही त्या जागी श्वास घ्यायला शिकले. कुणाची तक्रार नव्हती. छताच्या दुरुस्तीला माणसं आली, तेव्हा कुठे कुणाला पेटी आठवली. आज त्या जागी नवी जीभ बसवून झाली होती, आता सूर लावणं चाललं होतं.

"पुढची," मागून आवाज आला.

तिने पुढची पट्टी दाबली. आजचा दिवस सरला की उद्या सकाळी दहा वाजता डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायचं होतं. पहिलं बाळ दहाव्या आठवड्यात गेलं, ते घरात कुणाला कळलंही नव्हतं. दुसरं सहाव्या महिन्यात. मुलगी होती. आता बाई म्हणाल्या होत्या, "पुन्हा राहिलं तर या वेळी तिसऱ्या महिन्यात गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालू. खात्री देत नाही, आशा देते. पण तुमचं सदतिसावं चालू आहे. काय ते ठरवून या."

ठरवायचं कसं? दोघं त्यावर बोलतच नव्हती. आणि काल नणंदेने फोनवर सहज सांगून टाकलं होतं, "वहिनी, दादा म्हणाला, तो विषय आता बंद. बरं केलंत गं."

"पुढची."

तिने पट्टी दाबली, पण पाय थांबवले. सूर खाली बसत गेला आणि विझला.

"काय झालं? भाता फुटला की काय?"

"भाता ठीक आहे."

"मग वारा दे ना. अर्धवट घासून ठेवलंय."

"आधी सांगा. विषय बंद, असं तुम्ही वन्संना कधी सांगितलंत?"

मागे कानस खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आई रोज विचारायची. धाकटी विचारायची. तुझ्यापर्यंत येऊ नये म्हणून सांगून मोकळा झालो."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं तर तुला रडू येईल, असं वाटलं. शिवाय तू त्या लहान कपड्यांची पिशवी शेजारणीला देऊन टाकलीस. मी म्हटलं, झालं हिचं ठरून."

"ती तुमच्या डोळ्यांसमोर नको म्हणून दिली मी!"

"घ्या! म्हणजे मी तुझ्यासाठी आणि तू माझ्यासाठी," तो म्हणाला. हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच अडकलं.

ती पट्टीवरचं बोट न काढता हळूच म्हणाली, "वर्षभर मी देवाजवळ काही मागितलेलं नाही. हात जोडते, बाकी सगळ्यांसाठी मागते. स्वतःपाशी आलं की उठते. मागायचं म्हणजे परत हिरावलं जायची तयारी ठेवायची. तुम्हाला हवंय का? खरं सांगा. मी इथून बघत नाहीये तुमच्याकडे."

"हवंय."

"मग?"

"भीती वाटते." त्याचा आवाज लाकडाच्या आत बोलल्यासारखा येत होता. "तू गुंगीत होतीस. नर्सने विचारलं, बघायचंय का. मी हातात घेतली होती तिला."

तिला हे ठाऊक नव्हतं. एक वर्ष, दोन महिने हा माणूस तिच्या शेजारी जेवत होता, झोपत होता, आणि हे त्याने सांगितलं नव्हतं.

"कशी होती?"

"एवढीशी. दोन तळहात भरून. पण सगळं होतं गं. नखंसुद्धा. बोटं तुझ्यासारखी लांब, मोठी झाली असती तर एका हातात सप्तक सहज गाठलं असतं तिने. नंतर कितीतरी दिवस हे हात कामाला लावताना मला..."

ती उठून मागे गेली नाही. गेली असती तर तो लगेच डोळे पुसून कानस उचलता झाला असता, हे तिला माहीत होतं. ती जागेवर बसून रडली, तो तिकडे रडला, आणि देवाच्या त्या घरात दोघांनी आपल्या लेकीसाठी पहिल्यांदा एकत्र रडून घेतलं.

मग तिने पदराने तोंड पुसलं.

"जाऊ या उद्या. हो म्हणू या. पण माझी एक अट आहे. या वेळी लपवायचं नाही. तीन महिने कुणाला सांगू नका, हे बस झालं. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगायचं. राहिलं तर सगळे हसतील, गेलं तर सगळ्यांनी रडायचं. माझ्या एकटीच्या अंगावर नको."

"आईला सांगितलं की पुरे. गल्लीला वेगळं सांगावं लागणार नाही."

ती रडता रडता हसली.

"माझीही एक अट," तो म्हणाला. "हे शेवटचं. यानंतर तुझ्या जिवाशी खेळ नाही."

"बरं."

"आता वारा दे."

तिने पाय चालवले. सूर उठला, थरथरला, आणि कानसेच्या चार हलक्या फेऱ्यांत जागेवर आला.

काम संपल्यावर सूरमावशी आत आल्या आणि रोजचं भजन वाजवायला बसल्या. ती जागा आली तसं त्यांचं बोट सवयीने वर उचललं गेलं आणि सुरावटीत पूर्वीचंच भोक पडलं.

"अगंबाई! दुरुस्त झालीय, बोटाला ठाऊकच नाही," त्या ओशाळून म्हणाल्या. पुन्हा सुरुवात केली, त्या जागी जरा बिचकत पट्टी दाबली. वाजली.

"आठवडाभर वाजवा," कारागीर म्हणाला. "नवीन जीभ बसायला वेळ घेते. मी पुन्हा येऊन लावून देईन."

"उद्याच या ना. मोठी प्रार्थना आहे."

"उद्या नाही जमणार," त्याची बायको म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तो फळीचे स्क्रू आवळता आवळता थांबला होता. "उद्या दवाखान्यात जायचंय. आमची दोन गेली, मावशी. आता पुन्हा बघणार आहोत. भीती वाटते. उद्या प्रार्थनेत आमच्यासाठी मागाल?"

मावशींनी पेटीवरून हात काढले, बाकावर थोड्या सरकल्या.

"उद्या कशाला?" त्या म्हणाल्या. "बस इथे. तू वारा दे, मी म्हणते."