अर्लीनला कुणी हाकलतच नाही!

लास व्हेगासमध्ये ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते मोजून पोट भरणारी मंडळी एकमेकांची कमाई विचारत नाहीत. "तुला किती ठिकाणांहून हाकललंय?" असं विचारतात.

अर्लीनचं उत्तर तीन वर्षं एकच होतं. शून्य!

"एकदासुद्धा नाही?" शुक्रवारच्या नाश्त्याला व्हर्ननने पॅनकेकवर पाक ओतत पुन्हा विचारलं. "मला अकरा कसिनोंत बंदी आहे. परवा तर दोन धिप्पाड गडी दारापर्यंत सोडायला आले."

"तुझ्या कोटाचा वास सहन झाला नसेल."

"हस, हस. पण ज्याला खरंच मोजता येतं, त्याला ते बाहेर काढतातच बाई. तुला काढत नाहीत. का ते तूच समजून घे."

अर्लीन हसली खरी, पण लागलं तिला. चांगलंच लागलं.

तसं बघितलं तर मोजणं म्हणजे काही रॉकेट उडवणं नव्हे. बारका पत्ता गेला की एक मिळवायचा. दहा, चित्र किंवा एक्का गेला की एक वजा करायचा. आकडा चढला, म्हणजे उरलेल्या गठ्ठ्यात मोठे पत्ते जास्त. मग पैसे वाढवायचे. शाळेतली पोरगीही आठवड्यात शिकेल! अवघड असतं ते हे सगळं चालू असताना 'घरी गॅस बंद केला की नाही' असा चेहरा ठेवणं. अर्लीनला तो चेहरा जन्मतःच मिळाला होता, आणि आज तिला त्याचाच राग आला होता.

आज हाकलून घ्यायचंच, असं ठरवून ती दुपारी सिल्व्हर मेसामध्ये शिरली. तिचं घरभाडं याच कसिनोच्या जिवावर निघायचं, पण रागात ते कुणाला सुचतं?

आकडा अकरावर चढताच तिने पंचवीस डॉलरवरून थेट दोनशेवर उडी मारली. टेबलांवर लक्ष ठेवणारा गिलरॉय वळून बघायला लागला. पत्ते वाटणाऱ्या लिनसमोर एक्का पडला.

"इन्शुरन्स?" लिनने विचारलं. म्हणजे लिनचा झाकलेला पत्ता दहाचा किंवा चित्राचा निघून तिचे एकवीस होतील आणि ती जिंकेल, यावर वेगळी पैज. एरवी ती फक्त बावळट लोक लावतात. पण गठ्ठ्यात एवढे मोठे पत्ते उरलेले असताना ती लावायलाच हवी. अर्लीनने ऐटीत शंभर ठेवले.

निघाली सत्ती. शंभर गेले.

गिलरॉय तरातरा आला. अर्लीनने निघायच्या तयारीने पर्स मांडीवर घेतली. आला, आला, आला!

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मला बघवत नाही हो." आणि त्याने खिशातून कधी काय खेळावं हे छापलेलं एक कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं. "इन्शुरन्स कधीच घ्यायचा नाही. भोळ्या माणसांसाठी लावलेला सापळा असतो तो. आमचाच आहे, पण तुम्हाला म्हणून सांगतो."

भोळी! अर्लीनच्या जिभेवर वाक्य तयार होतं. 'आकडा अकरा असताना घ्यायचा असतो, साहेब.' बस्स, एवढंच बोलायचं, की ती मानाने दाराबाहेर. पुढच्या शुक्रवारी व्हर्ननचं तोंड बंद. आणि ही खुर्ची गेली, कायमची.

तिने पुन्हा दोनशे लावले. आकडा अजून वरच होता. लिनसमोर पुन्हा एक्का.

"इन्शुरन्स?"

गिलरॉय शेजारी उभा राहून मास्तरासारखा वाट बघत होता. अर्लीनने ते वाक्य गिळलं. खडा गिळावा तसं.

"तुम्हीच सांगा ना," ती म्हणाली. "माझा अगदी गोंधळ उडतो."

"नको म्हणा."

"नको."

लिनने पत्ता उलटला. राजा. इन्शुरन्स घेतला असता तर भरून निघाले असते, ते दोनशे गेले.

गिलरॉय कानापर्यंत लाल झाला. "असं... असं क्वचितच होतं, मॅडम."

"असू द्या हो, तुमची काय चूक? मला मेलीला कळतच नाही यातलं."

त्याने घाईघाईने तिच्या हातात फुकट जेवणाचं कूपन कोंबलं. "रोज येत जा. मी शिकवीन."

"शिकवाल ना? नक्की?"

आकडा नऊ. अर्लीनने पुन्हा दोनशे सरकवले आणि कार्ड डोळ्यांसमोर धरून मन लावून वाचायला लागली. गिलरॉय चार पावलं गेला, थबकला, परत आला आणि त्याने तिच्या हातातलं उलटं कार्ड सुलटं करून दिलं.